एक शीतही नाही

डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि गिरजाबाईनं तोंडाला पदर लावला. नवऱ्याच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. परवापर्यंत नुसता लाल होता हो! धानाच्या बांधीतल्या चिखलात खडा रुतला, एवढंच काय ते निमित्त.

"अंगठा काढावा लागेल. आजच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि काकू, शुगर अशीच राहिली तर पाऊलही जाईल. हे चोरून भात खातात."

झालं! गिरजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. भात? तिच्या राज्यात? याच डॉक्टरीणबाईंनी 'साखरेची बिमारी आहे, भात बंद' म्हटलं, तेव्हापासून सिहोऱ्यातल्या त्या धानवाल्या घरात ताराचंदच्या ताटात भात पडला नव्हता. पोळी न् भाजी, भाजी न् पोळी. बाकीच्यांसाठी शिजलेल्या भाताच्या गंजावर ती रोज वरवंटा ठेवून निजायची. झाकण हललं की आवाज झाला पाहिजे. लग्नाच्या पंगतीत त्याच्या मागं पहाऱ्याला उभी राहायची. गावानं त्याचं नाव 'बिनभाताचा धानवाला' पाडलं होतं.

"एक शीतही नाही जी!" ती कडाडली. "खोटं बोलत असन तं माही जीभ झडून जाईन. इचारा त्याइले."

"नाही खाल्ला बाई," ताराचंद म्हणाला. "सपनात खाल्ला असन तं मले मालूम नाही."

अंगठा जायची वेळ आली, तरी या माणसाची थट्टा काही जात नाही.

"मग बाहेरचं काही? हॉटेलातलं?"

"हॉटेल!" गिरजाबाईला ते ऐकवेना. "मी त्याइच्यासाठी बांधी येगळी ठेवली जी. विकाच्या धानाले आमी फवारा मारतो, मारावाच लागते. पण घरच्या बांधीले फवारा नाही, युरिया नाही, निरं शेणखत. रोग त्या फवाऱ्यातूनच येते नं? मंग त्याइले त्याच बांधीचा तांदूळ."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "त्यांना तांदूळ कशाला?"

"पेजेले," गिरजाबाई म्हणाली आणि तिचा आवाज मऊ झाला. पेजेचा तिला भारी अभिमान होता. "भात बंद केला तं माणसात ताकद कुठून येईन? म्हणून तांदूळ पार गळून जाईपर्यंत शिजवतो. फडक्यातून गाळतो. चोथा गाईले, अन् त्याइले निरं पाणी. शीत सापडलं तं मले बोला."

डॉक्टरीणबाईंचा लिहिता हात थांबला. "किती देता?"

"सकाळी पेला. वावरातून आले का पेला. अन् त्याइची तहान का कमी आहे? उन्हाळ्यापासून तं तहानच तहान! म्हटलं, गर्मी चढली असन, पेज थंडी असते. मंग पाण्याच्या जागी पेजच ठेवली, गंज भरून."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काकू, चोथा गाईला गेला. मग तांदळातला कस कुठे गेला?"

उत्तर तर गिरजाबाईला पाठ होतं. सुनेला, शालूला, चुलीपाशी बसवून तिनंच शिकवलं होतं, 'घाई नको करू वो, सगळा कस पेजेत उतरू दे.' ते उत्तर ओठापर्यंत आलं आणि तिथंच थिजलं.

"भात बंद झालाच नाही, काकू. तुम्ही तो पातळ करून पाजलात. आणि ती तहान गर्मीची नव्हती, शुगरची होती. शुगर चढली की तहान लागते."

अगा बाप्पा! तहान लागली की पेज, आणि पेज पोटात गेली की पुन्हा तहान. गिरजाबाई खाली स्टुलावर बसली. फवाऱ्याचं विष तिनं वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच अडवलं होतं, भाताला वरवंट्यानं अडवलं होतं. आणि हा पेला? हा तर तिनं आपल्या हातानं त्याच्या तोंडाला लावला होता. तळाशी घोट राहिला तर रागं भरली होती, 'सांडू नका, सगळी ताकद खालीच बसते' म्हणून.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. रडू आलं आणि त्याच्यावरच राग निघाला.

"तुमी तरी काहून नाही बोलले? नको म्हणाचं होतं एखाद दिवस!"

ताराचंद आपल्या काळ्या अंगठ्याकडं पाहत होता.

"मले कुठं आवडे ते गिळगिळीत," तो म्हणाला. "तू येवढी जीव लावून करे, म्हणून पेत होतो."

थट्टा करत असेल म्हणून तिनं त्याचं तोंड न्याहाळलं. तो थट्टा करत नव्हता.

नर्स चाकाची खुर्ची घेऊन दारात आली. तिनं त्याला बगलेत धरून खुर्चीत बसवलं. ताराचंदनं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"राजकुमारच्या माय, घसा सुकून राहिला. घोटभर देतं का काई?"

सवयीनं गिरजाबाईचा हात पिशवीत गेला. दवाखान्यात उशीर झाला तर त्याला उपास नको, म्हणून पहाटे भरून आणलेला पेजेचा डबा अजून कोमट होता. तिला तो बाहेर काढवेना, की हातातून सोडवेना.