दोन सुरांची परवानगी

उपचार करणाऱ्या बाईंनी अब्बांचा डावा हात आपल्या हातात घेतला, त्याच हाताने टेबलावर हळूच ठेका धरला आणि दोनच सुरांत गुणगुणल्या, "पाऽणी द्याऽ."

अर्धांगाचा झटका आल्यापासून अब्बांच्या तोंडून धड शब्द निघाला नव्हता. उजवी बाजू लुळी पडली होती. त्यांनी बाईंच्या ओठांकडे पाहिलं, मान किंचित वर केली आणि म्हणाले, "पाऽणी द्याऽ."

म्हणाले कसले, गायले. आवाज खरखरीत, पण सूर जिथल्या तिथे. दुसऱ्या खेपेला तर शेवटच्या सुरावर त्यांनी आपली आपण एक लहानशी मुरकी घेतली. भिंतीशी उभ्या असलेल्या लेकीने तोंडात पदर कोंबला.

"गाण्याशिवाय नाही का जमणार?" मुलाने विचारलं.

"बोलणं मेंदूच्या ज्या बाजूला असतं, ती दुखावलीय," बाई म्हणाल्या. "गाणं शाबूत आहे. सध्या तरी वाट हीच."

"आमच्या घरात गाणं चालत नाही."

बाई चमकल्या. "पण हे तर गाणारे आहेत. गळ्यावरून कळतंय."

"होते," मुलगा म्हणाला.

मुलगा वाईट नव्हता. अब्बांना उचलून न्हाणीत नेणं, अंग पुसणं, कूस बदलणं, सगळं तोच करी; बहिणीला हात लावू देत नसे. पण दुपारी खाटेवरून "पाऽणी द्याऽ" आलं की त्याचा चेहरा आक्रसायचा.

"अब्बा, नुसतं बोला. प्रयत्न तर करा."

अब्बा प्रयत्न करायचे. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, कपाळाला घाम फुटायचा. "प... प..." यापुढे गाडी जात नसे. शेवटी लेकच पेला घेऊन धावायची.

एकदा तिचा तोल सुटला. "भाईजान, मौलानांना विचारून तरी ये!"

"विचारायचं काय त्यात? मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक होतं ते अब्बांना सांगून झालंय की एकदा."

अम्मी गेली त्याच आठवड्यात त्याने ते सांगितलं होतं. अब्बा पेटी पुढ्यात घेऊन बसले होते, आणि हा म्हणाला होता, "तुम्ही इथे गाता, त्याचं ओझं तिथे तिच्या कबरीवर पडतं." अब्बा वादविवादाला भारी होते; हराम-हलालवर त्यांनी त्याला चार गोष्टी सुनावल्या असत्या. त्या वाक्यावर मात्र त्यांनी पेटीचा भाता बंद केला. संध्याकाळी एका शिष्याला बोलावून पेटी देऊन टाकली. त्यानंतर घरात त्यांचं साधं गुणगुणणंही कोणी ऐकलं नव्हतं.

अखेर मुलगा मौलानांकडे गेला. बहीण हट्टाने बरोबर गेली.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "यावर धर्म जाणणाऱ्या आलिमांचं एकमत नाही. काहींच्या मते गाणं-बजावणं सगळंच मना. काही म्हणतात, वाद्यं नकोत. काही म्हणतात, शब्द नेक असतील तर गळ्याला बंदी नाही. मला विचाराल तर मी स्वतः गाणी ऐकत नाही. पण आजारी माणूस ज्या सुरात पाणी मागतो, त्याला मी हराम म्हणू? खुशाल मागू दे."

मुलाने सुटकेचा श्वास टाकला. तो उठायला लागला, तशी बहीण म्हणाली, "आणि मौलाना, जिवंत माणूस गायला तर कबरीतल्या माणसावर ओझं पडतं का?"

मौलानांनी भुवया उंचावल्या. "मी तरी असं कुठे वाचलं नाही. एकाचं ओझं दुसऱ्यावर कसं पडेल? कोणी सांगितलं हे?"

तिने भावाकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.

"ज्यांना सांगितलं, ते माझ्याकडे का नाही आले विचारायला?"

"ते कोणाकडेच गेले नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी गाणं सोडलं."

घरी आल्याआल्या मुलगा खाटेशी बसला. आवाजात उत्साह आणून म्हणाला, "अब्बा, मौलाना म्हणाले, चालतं! तुम्ही खुशाल गा."

अब्बा त्याच्याकडे बघत राहिले.

"आणि ते... अम्मीबद्दल मी जे बोललो होतो," त्याने खाली पाहिलं, "तसं काही नसतं म्हणे."

अब्बांनी ओठ मिटले. डोळे मात्र उघडेच होते. संध्याकाळी ओठ कोरडे पडले, त्यांनी जीभ फिरवली. पण पाणी मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी ठेका धरला, तर त्यांनी आपला हात सोडवून घेतला. तिसऱ्या दिवशीही तेच. आता "प... प..." सुद्धा करीनात. लेक अंदाजाने पाणी पाजायची. कधी तहान नसायची, कधी आधीच घसा सुकून ठसका लागलेला असायचा.

मुलाला राहवेना. त्याने दार लोटलं, खाटेच्या कडेवर बसला, अब्बांचा डावा हात हातात घेतला आणि आयुष्यात कधी न गायलेल्या गळ्याने म्हणाला, "पाऽणी... द्याऽ." सूर एकीकडे, शब्द एकीकडे. आवाज फाटला. डोळ्यांतून धारा लागल्या, तरी तो थांबला नाही. "म्हणा ना अब्बा. माझ्याबरोबर म्हणा. पाऽणी द्याऽ."

अब्बांनी हात सोडवला, वर नेला आणि त्याच्या तोंडावर ठेवला.

पाण्याचा पेला घेऊन दारात आलेल्या बहिणीकडे त्याने तसंच वळून पाहिलं.

"राहू दे, भाईजान," ती म्हणाली. "बेसूर त्यांना चालत नाही."