विनीनं शिवलेला मुडदा

"घरीच बसू. चाळीस वर्षं तो सिनेमा पाहिला नाही, आजच काय अडलंय?" क्लेम म्हणाला.

"तू बस अंडी उबवत. मी चालले." विनीनं टोपी चढवली.

मग बायकोमागोमाग क्लेमही निघाला.

ऑस्ट्रेलियात, ओपल रत्नांच्या खाणींवरच्या त्या गावात साठ साली एका खुनाच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. सिनेमा अ‍ॅडलेडला आठवडाभर चालला नि हरवला. विनीच्या नातीनं, टेसनं, तो कुठूनसा शोधून आणला होता. आज दुपारी क्लबात दाखवणार होते.

विनीला एकच पाहायचं होतं. तिचा पहिला नवरा डर्मट त्यात गुत्त्यातल्या गर्दीत बसला होता, नि त्याच आठवड्यात तो पळाला. सिनेमातल्या कुठल्या सटवीनं त्याला नेला, तिचं थोबाड एकदा बघायचं होतं. मेल्याला घाई इतकी, की बूट दाराशीच राहिले. नुसत्या मोज्यांवर गेला. पुढे विनीनं क्लेमशी लग्न केलं. ते बूट क्लेमनंच झिजवले.

"आजी, सिनेमातला मुडदा तू शिवलास ना?" खुर्चीत बसता बसता टेसनं विचारलं.

"मग काय! भुसा भरून, घोंगडीत बांधून दिला. नटाच्या पाठीत उसण भरली, म्हणून खाणीत ढकलायला तुझ्या या क्लेमआजोबांना उभं केलं."

"अजून असेल तो तिथे?"

"असेल. कुणी पडायला नको म्हणून खाण त्याच दिवशी बुजवली."

मुडद्याला पाय शिवलेच नव्हते, हे मात्र तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. घोंगडीतलं कोण बघतंय? उरलेल्या कापडाच्या तिनं उशा केल्या होत्या.

दिवे मालवले. पडद्यावर गुत्ता आला. डर्मट क्लेमबरोबर पत्ते खेळत हसत होता. बाया चिक्कार होत्या, पण त्यानं एकीकडेही मान वळवली नाही.

"नालायक," विनी पुटपुटली, आणि तिनं डोळे पुसले.

मग खाण आली. पाठमोरा क्लेम खांद्यावर घोंगडी घेऊन काठापर्यंत गेला. घोंगडी खाली टाकली, ढकलली. तिची गाठ सुटली नि दोन पाय बाहेर आले. काळे मोजे. डाव्या टाचेला पांढऱ्या लोकरीचं रफू. काळी लोकर संपली होती, म्हणून विनीनं पांढरी वापरली होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आजी, पाय किती खरे केलेस गं," टेस म्हणाली.

क्लेमनं विनीच्या हातावर हात ठेवला.

"म्हटलं होतं ना," तो हळूच म्हणाला, "घरीच बसू."