मागची सीट

मुकुलने गाडीचं मागचं दार उघडलं, डोकं आत घातलं आणि डोळे मिटून सीटचा वास घेतला. बूट तर त्याने शेडच्या बाहेरच काढले होते. अंजनाला शिसारी आली. पुण्याचा हा पोरगा शौकिनांना जुन्या गाड्या मिळवून द्यायचा, आणि तिच्या वडिलांची, लालासाहेबांची अमेरिकन शेव्हरोलेट पाहून त्याला काय करू नि काय नको असं झालं होतं. रंग मूळचा, काचा मूळच्या, मागची दुधी सीट तर कालच बसवल्यासारखी. एक डाग पडला तरी शौकीन माणूस पाठ फिरवतो, असं तो दोनदा म्हणाला.

एवढी जपली कशी, त्याने विचारलं.

लालासाहेब खुर्चीत बसून होते. गुडघे कधीच गेलेले, पण गाडीचा विषय निघाला की म्हातारा खुलायचा. "आमी कुणाला बसूच दिलं न्हाई," ते म्हणाले. "घरच्यास्नीबी न्हाई."

अंजनाचा धाकटा भाऊ ऋषिराज कौतुकाने हसला. त्याच्याच जन्माच्या वेळी आईला, रंगूबाईला, रक्त जायला लागलं, तेव्हा ही गाडी याच शेडमध्ये टाकी भरून उभी होती. सीट नासेल म्हणून लालासाहेबांनी, म्हणजे आबांनी, किल्ली दिली नाही. रंगूबाईला उसाच्या ट्रॉलीत घालून उंब्रजहून कराडला नेलं. बाळ वाटेतच झालं, आणि कराड यायच्या आत ती गेली. तिचं डोकं लहानग्या अंजनाच्या मांडीवर होतं. ऋषिराजला हे सगळं ठाऊक होतं. तरी तो हसत होता, आणि अंजनाला म्हाताऱ्यापेक्षा त्याचीच जास्त किळस आली.

व्यवहार ठरला. आता गाडीची दृष्ट काढायची होती. घरच्या लेकीनेच ओवाळायचं, म्हणून अंजनाला विट्याहून, सासरहून मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

"ओवाळ, आक्का," ऋषिराज म्हणाला. "समज, लेकच सासरी चाललीया."

तिने परातीत हळदकुंकवाचं तांबडं पाणी कालवलं. कुंकू लावू नका, रंग खराब होईल, लांबूनच ओवाळा, असं मुकुल घाईघाईने म्हणाला. तिने लांबूनच ओवाळलं. मग पाणी बाहेर टाकायला निघाल्यासारखी ती गाडीला वळसा घालून उघड्या दारापाशी आली आणि अख्खी परात मागच्या सीटवर ओतली.

लालासाहेब उठले. दुसऱ्याच्या आधाराशिवाय मोरीपर्यंतही न जाणारा तो माणूस तरातरा आला आणि खांद्यावरच्या टॉवेलने सीट पुसायला लागला. पुसावं तसं तांबडं आणखीच पसरत होतं.

अंजनाने रिकामी परात खाली ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, आबा," ती म्हणाली. "हे त्याच दिशी सांडाय पायजे हुतं."