शहर येईपर्यंत

शिवलिंगअप्पा पहाटे वारले. लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांच्या देहाला विभूती लावून घरात बसवलं होतं, पण शेत शहराच्या आराखड्यात येत असल्यानं तिथे समाधी द्यायला, म्हणजे पुरायला, परवानगी मिळत नव्हती. शेवटी त्यांची लेक महानंदा नगररचना अधिकारी तांबोळी मॅडमना घेऊन शेतात आली.

मॅडमनी हातातल्या टॅबच्या पडद्यावर लातूरचा नकाशा उघडला. मोठ्या रस्त्याला लहान रस्ता फुटला होता, त्याला आणखी लहान, आणि शहराचा प्रत्येक तुकडा अख्ख्या शहराच्याच आकाराचा दिसत होता. त्या भूमितीवरून शहर कुठे आणि कधी पोचेल, याचा अंदाज आता चुकत नसे.

"ताई, पन्नास वर्षांनी इथून रस्ता जाईल. तेव्हा त्यांना उकरून हलवावं लागेल. त्यापेक्षा ओढ्यापलीकडची जागा घ्या. शहर वाढताना मध्येच अशा मोकळ्या जागा सोडतं. तिथे त्यांना कुणी कधीच हलवणार नाही."

महानंदानं ओढ्यापलीकडच्या बाभळींकडे पाहिलं. मग ती बांधाजवळच्या एका दगडापाशी जाऊन बसली.

"इथं माझी माय आहे. मी पाळण्यात होते तवाच गेली. दोन वर्षांचा संसार झाला दोघांचा. अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही."

"पण रस्ता येणारच आहे, ताई."

"येऊ द्या की. तोवर पन्नास वर्षं शेजारी राहतील."

मॅडमनी पडद्यावरचा नकाशा बंद केला. मग त्यांनी आपल्या अधिकारात परवानगी दिली.

"मॅडम, एवढं लिहून ठेवा," महानंदा म्हणाली, "हलवायची वेळ आली, तर दोघांना संगं हलवा."