कुटुंबवत्सल

चौथ्या वक्त्यानंही 'कुटुंबवत्सल' म्हटलं, तेव्हा वीरधवलनं मान आणखी खाली घातली.

शब्द त्यानंच चालवून घेतलेला. दुसऱ्या कुणाला दोष देणार? फ्लेक्सवाल्यानं फोनवर विचारलं होतं, "दादा, निवृत्त सरकारी वकील टाकलं. फुडं काय टाकू? प्रेमळ, का कुटुंबवत्सल?" हा घाईत होता, म्हणाला, टाका काहीही. आता कडेगावच्या मंगल कार्यालयात, वडिलांच्या शोकसभेत, नानांच्या फोटोखाली हातभर अक्षरांत तो शब्द झळकत होता. साताऱ्याहून, सांगलीहून आलेला एकेक काळा कोट माईकपाशी जाऊन तोच वाचून दाखवत होता.

"बढती दारात उभी होती," सांगलीचे एक जुने वकील म्हणाले, "पण आकारामसाहेबांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. का? तर घरच्यांसाठी! असा माणूस पुन्हा होणे नाही."

पुढच्या रांगेत आईनं डोळ्यांना पदर लावला. नानांनी नोकरी का सोडली ते वीरधवलला ठाऊक होतं. आईला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला नव्हतं.

मग सूत्रसंचालकांनी जालिंदर तात्यांचं नाव पुकारलं तशी वीरधवलनं चटकन मान वर केली. हा म्हातारा इथं येईल असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी तात्यांच्या राजरत्नला पलूसच्या रस्त्यावर जीपनं उडवलं होतं. सायकल एकीकडं, पोरगं एकीकडं. पोरगं जागीच गेलं. जीप सापडली, जीपवाला ऋषिराजही सापडला. पण तो म्हणाला, गाडीवर मी नव्हतोच. आणि होता, असं छातीठोक सांगणारा साक्षीदार काही मिळाला नाही. खटला नानांनीच चालवला. ऋषिराज सुटला.

तात्या माईकपासून हातभर लांबच उभे राहिले.

"मला भाषान येत न्हाई. आमचा निकाल उलटा लागला. लोक म्हनलं, सरकारी वकील फोडला आसंल. म्या म्हनलं, गप बसा रं! साक्षीदार हुडकत साहेब सोत्ता त्या रस्त्यानं पायी फिरल्यात. ह्या अंगाचं न्हाई, त्या अंगाचं न्हाई, एक घर सोडलं न्हाई त्यांनी. निकाल लागला तवा व्हरांड्यात माझा हात धरून ढसाढसा रडलं. माझ्या पोरासाठनं सरकारी मानूस रडला! आजून काय पायजे?"

एवढं बोलून ते मागं, शेवटच्या रांगेत जाऊन बसले. कार्यालयभर नाकं ओढल्याचे आवाज आले. आई मात्र रडायची थांबली होती.

नाना फिरले होते, यात खोटं काही नव्हतं. जीपमध्ये ऋषिराजच्या शेजारी वीरधवल बसला होता. त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्यानं सगळं सांगून टाकलं. नानांनी ऐकलं, पायात वहाणा घातल्या आणि म्हणाले, "चल ठाण्यात." आई दारात आडवी झाली. "आवं, एकुलतं एक हाय आपलं. त्या दांडग्या घराशी वैर घिऊन जगंल का ते? दुसरं कुनी बघितलं असंल की!" नाना उंबऱ्यापर्यंत आले. मग त्यांनी वहाणा काढल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून, दुसरं कुणी बघितलंय का, असं दारोदार विचारत फिरले. कुणी बघितलं असतं तर वीरधवल ह्यातून सुटला असता, आणि बापही.

निकाल लागला आणि नानांनी नोकरी सोडली. त्या संध्याकाळनंतर ते वीरधवलला कधी रागं भरले नाहीत. दोनदा नापास झाला तरी नाही, न विचारता बागायतीचा तुकडा विकला तरी नाही. लोक म्हणायचे, काय लाड करतोय बाप! वीरधवलला वाटायचं, एकदा तरी कानाखाली द्यावी ह्यांनी. पण त्यासाठी आधी तोंडाकडं बघावं लागतं, आणि नाना त्याच्या तोंडाकडं बघत नसत. तोही बघायचा नाही. एका घरात दोघं अठरा वर्षं चोरासारखे वावरले.

"आता चिरंजीव वीरधवल आभार मानतील."

तो उठला. आईनं त्याचं मनगट धरलं. "नावं वाच आन् खाली बस," ती पुटपुटली.

त्यानं हात सोडवून घेतला. माईकपाशी जाऊन चिठ्ठी उघडली. पहिलं नाव आमदारांचं होतं. त्यानं ते वाचायला तोंड उघडलं आणि वाचलंच नाही.

"तात्या," तो म्हणाला. "नानांनी एक घर सोडलं होतं. आमचं. त्या गाडीत मी होतो. ऋषिराज चालवत होता."

आवाज इतका खोल गेला होता की माईकलाही तो धड सापडला नाही. पुढच्या दोन रांगांतले कोट तेवढे ताठ झाले. कुणीतरी हातानंच, बसा, बसा, अशी खूण केली. आईनं डोळे मिटून घेतले. सूत्रसंचालक लगबगीनं पुढं आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून माईक आपल्याकडं वळवत म्हणाले, "भावना अनावर झाल्यात. दादांना बोलवत नाहीये, आपण समजू शकतो..."

"आवं, थांबा वो!" शेवटच्या रांगेतून जालिंदर तात्या उठून उभे राहिले. त्यांनी कानामागं हात धरला होता. "बोलू द्या की लेकराला. दादा, हितं मागं कायबी ऐकू आलं न्हाई. जरा मोठ्यानं सांगा."