हरकतीचं पत्र

"मसुदा मीच लिहितो. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय," घड्याळजी म्हणाला, आणि सुतारानं मुकाट्यानं कागद त्याच्याकडे सरकवला.

महिन्यापूर्वी दोघांची तोंडओळखही नव्हती. सुतार गोरा, घड्याळजी काळा. रस्त्याच्या अलीकडे गोऱ्यांचं चर्च, पलीकडे काळ्यांचं. प्रभू एक, स्तोत्रं तीच, घंटासुद्धा एकाच वेळी वाजायची. फक्त माणसं आपापल्या बाजूनं आत जायची. अशात सुताराची मुलगी आणि घड्याळजीचा मुलगा एकाच शाळेत शिकवायला लागले आणि एके दिवशी दोघांनी घरी सांगून टाकलं, आम्ही लग्न करतोय. दोन्ही बाप एकदमच भडकले. दुसऱ्या दिवशी घड्याळजी भांडायला म्हणून सुताराच्या कारखान्यात आला. दहा मिनिटांत कळलं की भांडायला काही कारणच नाही. लग्न होता कामा नये, यावर दोघांचं शंभर टक्के एकमत होतं.

लग्न सुताराच्या चर्चमध्ये व्हायचं होतं. तिथले पाळक दोन रविवार उपासनेत लग्नाची जाहीर पुकार करून चुकले होते. तिसरा रविवार शेवटचा. कोणाची हरकत असेल तर तेव्हाच द्यायची, आणि तीही शास्त्राच्या आधारानं, असं पाळकांनी सुताराला बजावलं होतं.

म्हणून आधार शोधणं सुरू झालं. रोज दुपारी काम आटोपलं की रंध्याची सालपटं बाजूला सारून दोघं बाकावर बसायचे. पवित्र शास्त्र मध्ये, चहाचे कप दोन्हीकडे.

"सापडलं!" एकदा सुतार ओरडला. "परक्या बायका करू नका, असं लोकांना बजावलंय इथं."

घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावलं आणि पुढच्या चार ओळी वाचल्या. "ते परक्या देवांपायी. तुमचा देव वेगळा आहे का?"

"छे! भलतंच काय?"

"मग खोडा."

मग मोशे निघाला. मोशेची बायको कूश देशाची, म्हणजे काळी, म्हणून त्याची सख्खी बहीण कुरकुरली. आणि देवाचा कोप झाला तो कुरकुरणाऱ्या बहिणीवर. तिच्या अंगभर पांढरं कोड फुटलं. सुतारानं नकळत स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"तुम्ही कशाला घाबरता?" घड्याळजी गंभीरपणे म्हणाला. "तुमच्या अंगावर फुटलं तरी कळणार कोणाला?"

सुतार इतका हसला की त्याच्या हातातला चहा मसुद्यावर सांडला. नवा कागद घ्यावा लागला. त्यावर रूथ आली आणि खोडली गेली. ती मवाबातली, परक्या देशाची. पण तिच्याच वंशात पुढे प्रभू जन्मला, आता काय बोलणार? आठवडा संपत आला तेव्हा पत्रात एवढंच उरलं होतं: 'खाली सह्या करणाऱ्यांची या लग्नाला हरकत आहे.'

"लग्न मोडायला एवढा वेळ?" सुताराची बायको चहा ठेवता ठेवता म्हणाली. "पोरांनी तर जमवलंसुद्धा याच्या निम्म्यात."

ती आत गेल्यावर घड्याळजीनं टाक खाली ठेवला.

"मिस्त्री, शास्त्र राहू द्या," तो म्हणाला. "खरं सांगतो. पोरगी तुमची गुणाची आहे. पण माझ्या पोराला जन्मभर तुमच्या लोकांत मान खाली घालून बसावं लागेल. ते मला बघवणार नाही."

सुतारानं कागद ओढून सही केली. घड्याळजीनंही केली.

रविवारी घड्याळजी निळा सूट घालून आला. उपासनेनंतर पत्र दोघांनी मिळून द्यायचं ठरलं होतं. ते सुताराच्या खिशात होतं. दोघं सोबतच पायऱ्या चढले. दारात चर्चचे एक पंच स्तोत्रांची पुस्तकं वाटत उभे होते. सुताराचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांनी हसून सुताराच्या हातात पुस्तक ठेवलं. दुसरं पुस्तक मात्र त्यांच्याच हातात राहिलं.

"यांचं चर्च समोर आहे," ते म्हणाले. घड्याळजीला नाही, सुताराला. जणू त्याला ऐकूच येत नव्हतं.

मागून येणारी माणसं पायरीवर थबकली. घड्याळजी रागावला नाही. सुताराला तेच सोसवेना. घड्याळजीनं नुसती कोटाची बटणं नीट केली, सवयीनं, आणि एक पायरी उतरला.

"मी थांबतो बाहेर," तो हळूच म्हणाला. "तुम्ही द्या पत्र. तुमचीही सही आहेच."

सुताराची कानशिलं तापली. ज्या माणसानं आठवडाभर शेजारी बसून देवाचा शब्द न् शब्द भिंगातून तपासला, तो पायरीवर उभा होता. आणि ज्यानं बहुधा एक पानही उलटलं नव्हतं, तो दारात. सुतारानं आपल्या हातातलं पुस्तक घड्याळजीच्या हातात दिलं, त्याचा दंड धरला आणि त्याला पायरी चढवून वर घेतलं.

"बाजूला व्हा, पंच," तो म्हणाला. "माझे व्याही आत येताहेत."