दोनदा लुकलुकलेले दिवे

जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या घाटातून म्हातारे हिसामात्सु मजेत गाडी चालवत होते. डावीकडे बसलेली त्यांची बायको तोकिए संत्री सोलत होती.

एक पांढरी गाडी मागून येऊन अगदी चिकटली. नुसता हॉर्नचा सपाटा.

"अहो, त्याच्या नादी लागू नका. जाऊ द्या पुढे."

तरुणपणी हिसामात्सुंनी गाडी आडवी घातली असती. आता त्यांनी दारं लॉक केली आणि ते निमूट कडेला थांबले. पांढऱ्या गाडीत एकटाच बसलेला ड्रायव्हर सुसाट पुढे गेला. जाताना त्याने मागचे दिवे दोनदा लुकलुकवले. आभार मानायची इथली हीच रीत.

"मेला तापलाय, पण रीत विसरला नाही!" तोकिए हसली. तिने त्यांच्या तोंडात फोड घातली.

दोन वळणांनंतर तीच गाडी पुन्हा मागे होती. घाटात फाटा एकही नव्हता. त्यांनी पुन्हा वाट दिली, त्या गाडीने पुन्हा आभार मानले.

तिसऱ्यांदा मात्र ती शेजारून सावकाश गेली. हॉर्न नव्हता. ड्रायव्हर शांत दिसत होता. त्याच्या शेजारी बसून तोकिए संत्रं सोलत होती.

हिसामात्सुंच्या तोंडात फोड अजून गोड होती. डावीकडे बघायचा धीर त्यांना होईना.

पुढे दिवे दोनदा लुकलुकले.